शिक्का कोणाचा, चाचा कोण?

दिल्लीतील शासकीय सेवेत मला एक गोष्ट लवकर उमगली : नस्तीवरील पहिल्या टिपणीतला शब्दच बहुधा पुढचा निर्णय ठरवतो.

सरखेल कान्होजी आंग्रे (मृत्यू १७२९) दस्तक देऊन कोकण किनाऱ्यावरील जहाजांकडून कर घेत. मुंबईकर इंग्रजांनी त्यांना चाचे म्हटले. पोर्तुगीजांचा कार्ताझ मात्र ‘परवाना’ ठरला. १७५६ मध्ये इंग्रजांनी विजयदुर्ग घेतला. १८१९ मध्ये मुंबईहूनच आरमार रास अल-खैमावर गेले, कवासिम अरबांनाही तोच शब्द चिकटला आणि १८२० च्या तहाने आखातावर ब्रिटिशांचा वचक बसला.

लूट झालीच नाही, असे माझे म्हणणे नाही. परंतु फिर्यादी आणि न्यायाधीश एकच होता. शारजाचे शासक सुलतान अल-कासिमी यांनी १९८६ मध्ये मुंबईच्याच दप्तरांच्या आधारे हा आरोप खोडण्याचा साधार प्रयत्न केला. आपल्या २०२२ च्या सागरी चाचेगिरीविरोधी कायद्यात ‘खाजगी हेतू’ ही अट आहे. छत्रपतींच्या सरखेलास ती कशी लागू पडावी?

जनपथावरील राष्ट्रीय अभिलेखागारात कंपनीचे कागद चाळणाऱ्या दिल्लीकर मराठी अभ्यासकांना माझे सांगणे एवढेच : मजकुराआधी लिहिणाऱ्याचा हुद्दा वाचावा.