जात गाळलेला सिनेमा

वाईट सिनेमा म्हटलं की लोक 'रामगोपाल वर्मा की आग'चं नाव घेतात. घेऊ द्या. तिकिटाच्या पैशापलीकडे त्या सिनेमाने कुणाचं काही बिघडवलं नाही. आम्ही पाहिलेला सर्वांत वाईट सिनेमा २०१८चा 'धडक'.

नागराज मंजुळेंच्या 'सैराट'मध्ये पाटलाचा पोरगा भर वर्गात शिक्षकाच्या कानाखाली मारतो. त्या एका थपडेत गावातली सत्ता कुणाची, हे कळतं. करण जोहरच्या कंपनीने तीच गोष्ट उदयपूरला नेली. 'झिंगाट' ठेवलं, शेवटचा खूनही ठेवला. जात मात्र एखाद्या वाक्यापुरती उरली. मग खून झाला कशापायी? बापाच्या रागापायी?

वरठीत राहणाऱ्या आम्हाला हा प्रश्न सोडत नाही, कारण खैरलांजी आमच्याच मोहाडी तालुक्यात आहे. २९ सप्टेंबर २००६ रोजी तिथे सुरेखा, प्रियंका, सुधीर आणि रोशन भोतमांगे यांना ठार मारलं. २००८मध्ये भंडाऱ्याच्या न्यायालयाने खुनासाठी शिक्षा दिली, पण अ‍ॅट्रॉसिटी कायदा लावला नाही. २०१०मध्ये उच्च न्यायालयानेही तो सुडाचाच प्रकार मानला. चार मुडदे मान्य, जात अमान्य!

"सिनेमात जात कशाला आणता?" असं विचारणारे आपल्यातही आहेत. बाबासाहेबांमुळे नोकरी लागली, फ्लॅट झाला, आता मल्टिप्लेक्समध्ये जातीचा विषय नको वाटतो. भैयालाल भोतमांगे जानेवारी २०१७मध्ये गेले, तेव्हा सर्वोच्च न्यायालयातलं अपील पडूनच होतं. पुढच्याच वर्षी 'धडक' आला.