‘अम्मी बाजारात गेली’ : इन, इंटू की टू?

सहावीच्या वर्गाला भाषांतरासाठी दहा वाक्ये दिली होती. त्यातले चौथे वाक्य होते, ‘अम्मी बाजारात गेली.’ निम्म्याहून जास्त वह्यांत उत्तर आले, ‘मदर वेंट इन मार्केट.’ मी लाल पेनाने ‘इन’ खोडला, वर ‘टू द’ लिहिले आणि वह्या परत दिल्या. दुसऱ्या बाकावरची एक मुलगी वही घेऊन माझ्या टेबलापाशी आली.

“टीचर, तुम्हीच सांगितलं होतं, ‘त’ म्हणजे ‘इन’. ‘अम्मी बाजारात आहे’ला इन बरोबर आलं. मग ‘बाजारात गेली’ला का चुकलं?”

घंटा व्हायची होती, दुसऱ्या वर्गाचा गठ्ठा तपासायचा बाकी होता. “इंग्रजीत तसंच असतं, पाठ कर,” असे म्हणून मी तिला जागेवर पाठवले. त्यानंतर कितीतरी दिवस इंग्रजीच्या तासाला तिचा हात वर झाला नाही. मला ते लक्षातही आले नाही.

लक्षात आले ते पालकसभेत. तिची अम्मी घरी शिलाईकाम करते. सगळे गेल्यावर ती थांबली आणि हळूच म्हणाली, “टीचर, मेरेकू तो अंग्रेजी आती नै. घर में इसकू कौन सिखाना?” मग तिने मनातले सांगितले. मुलाला कर्ज काढून इंग्रजी माध्यमात घातले आहे, दोघांची फी झेपत नाही. आमची शाळा सातवीपर्यंत. पुढे हायस्कूल लांब. “हिला इंग्रजी जमणारच नसेल तर सातवीनंतर मशीनवर बसवते. निदान हातात हुन्नर तरी राहील.”

शिलाईच्या हुन्नराला मी कमी लेखत नाही. पण एका मुलीची शाळा सुटणार, आणि त्याला निमित्त काय? तर तिने विचारलेल्या रास्त प्रश्नाला मी दिलेले आळशी उत्तर! त्या रात्री झोप आली नाही. भगिनींनो, म्हणून या महिन्यात तो प्रश्न आणि त्याचे उत्तर तुमच्यासमोर ठेवते आहे. उत्तर समजायला इंग्रजी येण्याची गरज नाही.

मुलीचे काय चुकले?

खरे तर काहीच नाही. मराठीचा ‘त’ दोन कामे करतो. ‘बाजारात आहे’ यात तो जागा दाखवतो, ‘बाजारात गेली’ यात तो हालचाल दाखवतो. इंग्रजी ही दोन कामे वेगवेगळ्या शब्दांना वाटून देते. असण्याला ‘इन’. जाऊन पोहोचण्याला ‘टू’. बाहेरून आत शिरण्याला ‘इंटू’. ‘शी इज इन द रूम’, पण ‘शी रॅन इंटू द रूम’. मुलगी मराठीच्या नियमाने बरोबरच चालली होती.

‘वरून’चे पाहा. आपण म्हणतो : पुलावरून गेलो, झाडावरून पडला, नदीच्या काठावरून चाललो, दर्ग्यावरून पुढे गेलो, कोल्हापूरवरून आलो. मराठीत एकच ‘वरून’. इंग्रजीत अनुक्रमे ओव्हर, ऑफ, अलाँग, पास्ट आणि फ्रॉम! ‘तून’ही तसाच. पिशवीतून काढले तर आउट ऑफ, बोगद्यातून गेलो तर थ्रू. उर्दूचा ‘से’ तर सगळ्यांच्या पुढे. ‘घर से निकली’, ‘गली से गुज़री’, ‘छत से गिरा’ आणि शिवाय ‘क़लम से लिखा’. एका ‘से’वर एवढा भार.

दुसरी अडचण जागेची. मराठीत यांना शब्दयोगी अव्यये म्हणतात, उर्दूत हर्फ-ए-जार. दोन्हीकडे हे शब्द नामाच्या मागून येतात : पुलाखालून, घर से. आपल्या घरातल्या बोलीतही ‘बाजारकू’, ‘टेबलपो’. इंग्रजीत मात्र हा शब्द नामाच्या पुढे उभा राहतो : अंडर द ब्रिज. म्हणूनच त्याला प्रेपोझिशन म्हणतात. घरी दखनी, पुस्तकात उर्दू, बाहेर मराठी, अशा तीन भाषांत ज्या मुलाने तो शब्द मागेच ऐकला, त्याला चौथ्या भाषेत तो पुढे आणायचा आहे. थोडा वेळ लागणारच.

तिसरी गोष्ट मला स्वतःलाच उशिरा उमगली. मराठीत वाट बहुतेक वेळा क्रियापदातच असते. शिरली, निघाली, चढली, उतरली, ओलांडला. इंग्रजी बोलण्यात क्रियापद साधेच राहते, गो किंवा रन, आणि वाट सांगण्याचे काम हे छोटे शब्द करतात. ‘धावत रस्ता ओलांडला’ याचे सरळ इंग्रजी ‘रॅन अक्रॉस द रोड’. ‘ओलांडला’चा सगळा अर्थ त्या ‘अक्रॉस’मध्ये बसला. म्हणून हे शब्द लहान असले तरी मामुली नाहीत. ते गळले तर वाक्यातून वाटच हरवते.

पाठ करण्याऐवजी चालणे

महाराष्ट्रात २००० सालापासून सगळ्या माध्यमांच्या शाळांत पहिलीपासून इंग्रजी आहे. तरीही आम्ही बरेच शिक्षक ते अजून भाषांतराच्या वाटेनेच शिकवतो, कारण आम्ही तसेच शिकलो. माझ्या अब्बांच्या पिढीने तर्खडकरांच्या पाठमालेवर इंग्रजी पक्के केले. मोठ्या, समजत्या विद्यार्थ्याला ती वाट मानवते. दहा-अकरा वर्षांच्या मुलाला ‘तून म्हणजे काय’ विचारले की ते गोंधळते.

अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ जेम्स अ‍ॅशर यांनी १९६० च्या दशकात एक साधी पद्धत मांडली. शिक्षकाने हुकूम द्यायचा, मुलांनी अंगाने तो पाळायचा. बोलण्याची घाई नाही, आधी ऐकणे आणि करणे. आपल्याकडे बंगळूरला एन. एस. प्रभू यांनी १९७९ ते १९८४ या काळात दक्षिणेतल्या काही शाळांत वेगळा प्रयोग केला. मुलांना नकाशे, वेळापत्रके अशी खरी कामे द्यायची, ती सोडवता सोडवता भाषा आपोआप बसत जाते. बी.एड.ला असताना हे मी परीक्षेपुरते वाचले होते. आता गरज पडली म्हणून पुन्हा उघडले.

माझे माहेर साताऱ्याचे, सासर सांगलीचे. या भागातले रस्तेच मी वर्गात आणले. फरशीवर खडूने दोन रेघा ओढल्या, ती कृष्णा. त्यावर आडवा बाक, तो सांगलीचा आयर्विन पूल. दोन बाकांवर ओढणी टाकली, तो खंबाटकीचा बोगदा. मग हुकूम सुरू. ‘गो ओव्हर द ब्रिज.’ ‘गो अंडर द ब्रिज.’ ‘वॉक अलाँग द रिव्हर.’ ‘जंप ऑन्टू द बेंच.’ ‘जंप ऑफ द बेंच.’ गोंगाट ऐकून शेजारच्या वर्गातले सर डोकावून गेले.

ओव्हर आणि थ्रू यांतला फरक खंबाटकीने जितका छान शिकवला, तितका कुठल्याच पुस्तकाने शिकवला नव्हता. बरीच वर्षे पुण्याहून साताऱ्याकडे येणारी एस.टी. घाट चढून डोंगरावरून यायची, आणि साताऱ्याहून पुण्याला जाणारी बोगद्यातून जायची. डोंगर तोच. येताना ‘ओव्हर द हिल’, जाताना ‘थ्रू द हिल’. मुले बाकावरून चढून आली आणि ओढणीखालून रांगत परत गेली. त्यानंतर कोणी थ्रूच्या जागी ओव्हर लिहिले नाही.

टू आणि टुवर्ड्‌ससाठी दार पुरले. ‘वॉक टुवर्ड्‌स द डोअर’ म्हटले की दाराच्या दिशेने निघायचे, मध्येच ‘स्टॉप’ म्हटले की थांबायचे. दिशा धरली, पण पोहोचलो नाही. ‘वॉक टू द डोअर’ म्हटले की दाराला हात लावूनच यायचे.

मिरजेचे पाणी

हालचालीचे शब्द बसले की त्यांना गोष्ट लागते. आमच्या जिल्ह्याकडे एक खरी गोष्ट आहे. एप्रिल २०१६ मध्ये लातूर शहर पाण्यावाचून तडफडत होते, तेव्हा मिरजेहून रेल्वेने पाणी गेले. सुमारे ३४० किलोमीटरचा प्रवास. पहिल्या गाडीला पाण्याच्या दहा वाघिणी होत्या, त्यांत सुमारे पाच लाख लिटर पाणी. पुढे पन्नास वाघिणींची गाडी जाऊ लागली. आजची सहावीची मुले तेव्हा अगदी तान्ही होती किंवा जन्मलीही नव्हती, पण घरोघरी ही गोष्ट माहीत आहे.

फळ्यावर नदी, नळ, गाडी आणि रूळ काढले. मुलांनी वाक्ये केली. ‘द वॉटर केम आउट ऑफ द रिव्हर.’ ‘इट वेंट थ्रू अ पाइप.’ ‘इट वेंट इंटू द वॅगन्स.’ ‘द ट्रेन वेंट फ्रॉम मिरज टू लातूर.’ एकाने आपणहून भर घातली, ‘थ्रू पंढरपूर अँड कुर्डुवाडी.’ आपल्या नदीचे पाणी दुसऱ्याच्या तहानेला गेले, याचा मुलांना अभिमान वाटला. त्या दिवशी कोणाला आपण व्याकरण शिकतो आहोत असे वाटले नाही.

आणि ती मुलगी? तिसऱ्या की चौथ्या दिवशी तिने हात वर केला. उत्तर द्यायला नव्हे. “टीचर, हुकूम मी देऊ का?” मी वर्गासमोर येऊन तिला म्हटले, “बेटा, त्या दिवशी तुझा प्रश्न बरोबर होता. चूक माझी होती.” ती जरा लाजली. मग तिने अख्ख्या वर्गाला बाकाखालून रांगायला लावले.

शिलाई मशीनजवळ

एका रविवारी मी त्यांच्या घरी गेले. अम्मी मशीनवर होती, रीळ संपले होते. तिने नवे रीळ लावले आणि दोरा ओवायला घेतला. मुलगी शेजारी उभी राहून बोलू लागली, “फ्रॉम द रील... थ्रू द हुक... डाऊन... अराउंड द व्हील... अप... थ्रू द होल... डाऊन... थ्रू द नीडल.” दोरा सुईच्या नेढ्यातून आरपार निघाला. कापड दाबपायाखाली सरकले. “अंडर द फूट!”

अम्मीने पाय थांबवला. “इतकीच होती क्या अंग्रेजी?” तिने विचारले. मग दोरा तोडून तिने पुन्हा पहिल्यापासून ओवला, या वेळी मुलीच्या मागे मागे शब्द म्हणत.

नाही, इंग्रजी एवढीच नसते. पण जी आई रोज शंभर वेळा दोरा ओवते, तिला ‘थ्रू’चा अर्थ माझ्याहून चांगला माहीत आहे. फक्त शब्द ऐकायचा बाकी होता.

घरी काय करावे?

एकदम पंधरा शब्द देऊ नका. आधी चार जोड्या : टू–फ्रॉम, इंटू–आउट ऑफ, ऑन्टू–ऑफ, अप–डाऊन. त्या बसल्यावर ओव्हर, अंडर, थ्रू, अक्रॉस, अलाँग, पास्ट.

एका आठवड्यात एकच जोडी, आणि तीही हातातल्या कामाबरोबर. डब्यात पोळ्या ठेवताना ‘इंटू’, काढताना ‘आउट ऑफ’. जिना चढताना ‘अप’, उतरताना ‘डाऊन’. तुम्हाला येत नसेल तर मुलालाच विचारा, “याला तुझ्या इंग्रजीत काय म्हणतात?” आईला शिकवताना मूल जितके शिकते, तितके ट्यूशनमध्ये शिकत नाही.

प्रवासात मुलाला खिडकीजवळ बसवा. पूल आला, बोगदा आला, दर्गा मागे पडला, की एक एक शब्द. मिरजेला ख्वाजा मीरासाहेबांच्या दर्ग्याला जाल, तर घरी आल्यावर स्टेशनपासूनची वाट कागदावर काढायला सांगा आणि ती बोटाने दाखवत बोलायला सांगा.

काही ठिकाणी इंग्रजी हा शब्द घेतच नाही, तेवढी तीन वाक्ये पक्की करून घ्या. ‘गो होम’, त्यात टू नाही. ‘रीच स्कूल’, त्यातही टू नाही. ‘एंटर द रूम’, त्यात इंटू नाही.

आणि मूल चुकले तर लगेच खोडू नका. त्याच्या चुकीत बहुतेक वेळा त्याची मातृभाषा बोलत असते. “तुला असं का वाटलं?” एवढे विचारा. मी त्या दिवशी हेच विचारायला हवे होते.

ती मुलगी आता सातवीत आहे. पुढचे अजून पक्के ठरलेले नाही. फी आहे, अंतर आहे, अब्बांचा होकार आहे. गेल्या आठवड्यात मात्र अम्मी शाळेत आली होती. दाखल्याबद्दल काही बोलली नाही. हायस्कूलकडे सकाळी कोणती एस.टी. जाते आणि ती मोहल्ल्यावरून जाते का, एवढेच तिला विचारायचे होते.