किनाऱ्याला लागण्याची विद्या

एकट्याने शिडाची नौका हाकून महासागर ओलांडणाऱ्या माणसाविषयी समाजाला जे कौतुक वाटते, ते बहुधा वादळांपाशी आणि उंच लाटांपाशी थांबते. प्रवास संपवून ती नौका धक्क्याला कशी लागली, हे सहसा कोणी विचारीत नाही. वस्तुतः कित्येक नाविकांना खुल्या समुद्रापेक्षा अखेरचे शंभर हातच अधिक धास्तीचे वाटतात. समुद्रात जागा मुबलक असते आणि चूक सुधारायला अवधीही मिळतो. मरीनात, म्हणजे क्रीडानौकांच्या बंदिस्त गोदीत, दोन्ही बाजूंना दुसऱ्यांच्या मोलाच्या नौका उभ्या असतात आणि मधल्या चिंचोळ्या जागेत आपली नौका नेऊन बांधावयाची असते.

हे अवघड का, याचे उत्तर नौकेच्या घडणीतच आहे. नौकेला ब्रेक नसतो. सुकाणूचा अंमल चालतो तो त्यावरून पाणी वाहत असेल तोवरच. वेग ठेवावा तर धडक, सोडावा तर ताबा जातो, असा हा पेच आहे. त्यातच वारा नाळ भलतीकडे ढकलतो आणि यंत्र उलटे चालविले की पंख्याच्या ओढीने मागचा भाग एका अंगाला सरकतो. सोबतीला खलाशी असता तर एकाने सुकाणू धरले असते, दुसऱ्याने दोर टाकला असता. एकट्याला हात दोनच.

यावरची जाणत्यांची रीत बोधप्रद आहे. सारी तयारी गोदीबाहेर, मोकळ्या पाण्यातच करावयाची. फेंडर बांधावयाचे, दोर हाताशी ठेवावयाचे, वारा आणि प्रवाह कोणीकडचा ते पाहावयाचे. आत शिरताना वेग इतकाच, की धक्का बसलाच तर तो नौकेला सोसावा. नौकेच्या मध्यावरचा एकच दोर तरंगत्या धक्क्यावरच्या मागील खुंट्याला अडकवावयाचा, यंत्र मंदगतीने पुढे चालू ठेवावयाचे आणि सुकाणू धक्क्यापासून दूर वळवावयाचे. मग नौका आपणहून धक्क्याला बिलगून राहते व बाकीचे दोर सावकाश बांधता येतात. नौका आणि धक्का यांच्यामध्ये हातपाय मात्र घालावयाचे नाहीत. कित्येक टनांचे वजन माणसाच्या बळाने थांबत नसते. आणि काही बिनसले तर हट्ट न धरता बाहेर पडून पुन्हा यावयाचे. माघारी फिरणे ही तेथे नामुष्की नव्हे, तो कौशल्याचाच भाग होय.

अलीकडच्या अनेक नौकांना नाळेशी आडवा पंखा बसविलेला असतो. कळ दाबली की नाळ हवी तिकडे वळते. मग ही विद्या कशाला, असा आक्षेप घेतला जातो. त्यात तथ्य नाही असे नव्हे. परंतु यंत्र नेमके नको त्या वेळी बंद पडते, आणि ज्याने वाऱ्याचा अंदाज घ्यायला कधी शिकलेच नाही, त्याला त्या क्षणी कळही तारत नाही. साधन हे जाणकाराच्या हाताला बळ देते. जाणतेपणाची जागा घेत नाही.

मुंबईला हा विषय परका नाही. १९६८-६९ मध्ये ३१२ दिवसांत, कोठेही न थांबता, एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करणारे पहिले नाविक रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन यांची ‘सुहेली’ ही ३२ फुटी सागवानी नौका मुंबईतच बांधलेली होती. गोव्यात बांधलेली ‘म्हादेई’ घेऊन नौदलाचे दिलीप दोंदे १९ ऑगस्ट २००९ रोजी मुंबईहून निघाले आणि मे २०१० मध्ये एकट्याने प्रदक्षिणा पुरी करून परतले. त्याच नौकेतून अभिलाष टॉमी यांनी २०१२-१३ मध्ये विनाथांबा प्रदक्षिणा केली. अशा या शहरात मरीनाची चर्चा वर्षानुवर्षे चालू आहे. गेटवेसमोरच्या क्रीडानौका मात्र बोयाला बांधलेल्या दिसतात आणि पावसाळ्यात पाण्याबाहेर काढाव्या लागतात.

श्रीमंतांच्या नौकांसाठी सार्वजनिक किनारा का खर्ची घालावा, हा प्रश्न रास्तच आहे. मात्र त्याचे उत्तर मरीना नाकारण्यात नाही. तिचे दार कोणासाठी उघडे राहील, हे आधीच ठरविण्यात आहे. सार्वजनिक जागेवर गोदी उभी राहावयाची असेल, तर तिच्यातील काही जागा शिकाऊ नौकांसाठी राखून ठेवल्याच पाहिजेत. एन. सी. सी.च्या नौदल शाखेतील विद्यार्थी आणि कोळीवाड्यांतील तरुण यांना तेथे हक्काने प्रवेश हवा. ससून डॉकच्या दाटीत भरती-ओहोटीचा हिशेब ठेवून रोज बोट लावणाऱ्या तांडेलाला तेथे शिक्षकाचा मान मिळावा. ही विद्या त्याच्याकडे पिढीजात आहे. तिला प्रमाणपत्र तेवढे नाही.

निघताना निरोप द्यायला गर्दी असते. पोहोचताना माणूस पुष्कळदा थकलेला आणि एकटा असतो. शिक्षणाने त्याला तयार करावयाचे ते त्या दुसऱ्या घटकेसाठी. मुलांना समुद्राचे साहस सांगणाऱ्या समाजाने त्यांना वेग आवरणे, चुकल्यास मागे फिरणे आणि दुसऱ्याच्या नौकेला ओरखडा न काढता आपली जागा घेणे, हेही शिकवावे. त्यासाठी धक्का लागतो, आणि तो सर्वांचा असावा लागतो.