परक्या कोठारांतील कलाकृति

शर्ती न वाचतां मान्य करणाऱ्यानें मागाहून ओरड कां करावी, असा प्रश्न हल्लीं मोठ्या शहाणपणाचा आव आणून विचारण्यांत येतो. विचारणारांत कायदेपंडित असतात, संगणकविद्येचे जाणते असतात, आणि ज्यांनीं जन्मांत एक चित्र काढलें नाहीं कीं एक ओळ लिहिली नाहीं असे गृहस्थ तर फारच असतात. त्यांना एकदां नीट उत्तर मिळावें असें आम्हांस वाटतें.

घडलें तें असें. फोटोशॉप, इलस्ट्रेटर, इनडिझाइन हीं हत्यारें करणारी अ‍ॅडोबी ही अमेरिकन कंपनी. आमच्याकडील कितीतरी मुखपृष्ठें, जाहिराती व दिवाळी अंकांचीं पानें ह्याच हत्यारांवर तयार होतात. तेव्हां ही परदेशची कटकट म्हणून कोणीं कानाडोळा करूं नये. २०१३ च्या मे महिन्यांत ह्या कंपनीनें जाहीर केलें कीं, हत्यारांच्या पुढील आवृत्त्या विकत मिळणार नाहींत, वर्गणी भरून वापरावयास मिळतील. त्या वर्गणींतच काम ठेवण्यासाठीं कंपनीच्या सर्व्हरवर जागाही मिळूं लागली. चित्रकारांनीं कुरकुर केली आणि वर्गणी भरली. न भरून करतात काय? छापखाना, प्रकाशक, जाहिरात-कचेरी, सगळे त्याच नमुन्याची फाईल मागणार!

पुढें फेब्रुवारी २०२४ मध्यें शर्ती बदलल्या, आणि जूनमध्यें गिऱ्हाइकांच्या पडद्यावर एक चौकट उभी राहिली : नव्या शर्ती मान्य करा, एरवीं पुढें जातां येणार नाहीं. गिऱ्हाइकाचा मजकूर कंपनी यंत्राकरवीं तसाच माणसांकरवींही पाहूं शकेल, असें त्यांत होतें. शिवाय सेवा चालविण्यापुरता व सुधारण्यापुरता कां होईना, त्या मजकुराची नक्कल करण्याचा, तो बदलण्याचा, त्यापासून नवी कृति करण्याचा जगभरचा बिनमोबदला परवाना तिच्याकडे जात होता. चित्रकारांनीं एकच गिल्ला केला. ६ जूनला कंपनीनें खुलासा काढला. १८ जूनला शर्तींची भाषाच बदलली, आणि कृति गिऱ्हाइकाची आहे, तिच्यावर आपण कृत्रिम बुद्धीचीं यंत्रें पढवीत नाहीं, असें लिहून दिलें. न्याय म्हणून हेंही सांगितलें पाहिजे कीं, तें परवान्याचें कलम बहुतांशीं जुनेंच होतें, आणि दुसऱ्याची फाईल आपल्या यंत्रावर ठेवून ती त्यास पुन्हा दाखवावयाची म्हटली तरी कांहीं ना कांहीं परवाना लागतोच.

मग तक्रार कशाची? आमची तक्रार त्या चौकटीबद्दल आहे. ज्याचें अर्धें झालेलें काम आंत अडकलें आहे आणि ज्याला तें उद्यां सकाळीं छापखान्यांत द्यावयाचें आहे, त्याच्यापुढें पन्नास कलमें टाकून “मान्य” म्हणावयास लावणें ह्यास संमति म्हणावयाचें असेल, तर सावकारानें अडल्या कुळाकडून घेतलेल्या अंगठ्यासही संमति म्हटलें पाहिजे. शिवाय जी भाषा १८ जूनला बदलली ती पुन्हा बदलतां येते. वुईट्रान्सफर ह्या फाईली पोंचविणाऱ्या कंपनीनें २०२५ च्या जुलैंत तोच प्रयोग केला. नव्या शर्तींत, गिऱ्हाइकांच्या मजकुरावर यंत्रांचें शिक्षण सुधारण्याची मुभा होती. ओरड झाली तेव्हां तें कलम मागें घेतलें. म्हणजे ओरड झाली नसती तर? धोब्याकडे धोतर टाकलें म्हणून तें नेसण्याचा परवाना त्यास दिला, असें कोणी मानीत नाहीं; पण येथें मात्र दर खेपेस आपण गल्लींत उभें राहून आरडाओरडा केल्यावांचून धोतर परत येत नाहीं.

‘क्लाउड’ हा शब्दच मोठा फसवा आहे. ढगाला मालक नसतो. हें कोठार ढगांत नसून जमिनीवर आहे. तेथें यंत्रांच्या रांगा आहेत, विजेचें बिल आहे, आणि तें ज्या कंपनीचें तिला तिच्या सरकारचा हुकूम मानावा लागतो. ऑगस्ट २०१९ मध्यें अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांनीं व्हेनेझुएलाविरुद्ध निर्बंधांचा हुकूम काढला. ऑक्टोबरांत अ‍ॅडोबीनें तेथील सर्व गिऱ्हाइकांस कळविलें कीं, २८ तारखेपूर्वीं आपापलें काम उतरवून घ्या, पुढें खातीं बंद. भरलेली वर्गणीही परत मिळणार नाहीं, असें आरंभीं सांगण्यांत आलें होतें. अखेर अमेरिकन सरकारचा खास परवाना मिळाला आणि तें अरिष्ट टळलें. कॅराकसमधील एखाद्या व्यंगचित्रकारानें कोणता गुन्हा केला होता? त्यानें शर्ती अक्षर अन् अक्षर वाचल्या असत्या, तरी काय उपयोग होता?

आणि जेथें कोणाच्याच मनांत वाईट नव्हतें तेथील गोष्ट ऐका. मायस्पेस ह्या संस्थळावर हजारों होतकरू गवयांनीं व वादकांनीं आपलीं गाणीं ठेवलीं होतीं. यंत्रें बदलतांना २०१५ पर्यंतचीं गाणीं नाहींशीं झालीं, असें मार्च २०१९ मध्यें सर्वांस कळलें. सुमारें पांच कोटी गाणीं गेलीं असावींत असा तेव्हां अंदाज झाला. त्यांपैकीं चार लाख नव्वद हजारांच्या आसपास पुढें हातीं लागलीं. तीं कंपनीनें जपलीं म्हणून नव्हे. कांहीं अभ्यासकांनीं आपल्या कामासाठीं निराळ्या प्रती करून ठेवल्या होत्या म्हणून.

“घरचा संगणक काय बिघडत नाहीं?” बिघडतो, चोरीसही जातो. दूरच्या कोठारांत एक प्रत ठेवण्यास आमची मुळींच हरकत नाहीं. हरकत आहे ती एकुलती एक प्रत तेथें ठेवण्यास.

कायद्याचें म्हणाल तर, अडलेला लेखक काय लिहून देतो हें आमच्या कायदे करणारांस पूर्वींच ठाऊक होतें. म्हणून १९५७ च्या कॉपीराइट कायद्यांत असें आहे कीं, हक्क देणें तें लेखी असावें. मुदत लिहिली नसेल तर ती पांच वर्षें समजावी, आणि प्रदेश लिहिला नसेल तर भारतापुरतेंच समजावें. परवान्यासही हाच नियम लागूं आहे. परंतु हें संरक्षण करारपत्र मुकें असेल तेव्हांचें. कंपनीचे वकील ‘जगभर’ हा शब्द विसरत नाहींत. त्याच कायद्यानें लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षें हक्क वारसांकडे राहतो. हक्क राहिला, किल्ली कोठें आहे? अनेक कंपन्यांचीं खातीं हस्तांतरणीय नसतात. कांहीं कंपन्या वारस नेमण्याची सोय देतात, पण ती खातेदारानें जिवंतपणीं स्वतः करून ठेवली तर. बहिणाबाई चौधरींच्या ओव्या त्यांचे चिरंजीव सोपानदेव ह्यांच्या वहींतून १९५२ सालीं पुस्तकरूपानें बाहेर आल्या. ती वही उघडण्यास कोणाच्या संकेतशब्दाची गरज पडली नव्हती. आज एखाद्या घरांत आईच्या कविता तिच्या फोनवरून कोठल्या तरी कोठारांत जाऊन बसल्या असतील, आणि मुलांना तें ठाऊकही नसेल.

तेव्हां कायद्यानें करावयाचें तें असें : यंत्रांच्या शिक्षणासाठीं कृति वापरावयाची असेल तर त्यास वेगळी लेखी परवानगी लागावी, ती सेवेच्या शर्तींत गुंडाळतां येऊं नये, शर्ती बदलल्या व त्या न पटल्या तरी आपलें काम बाहेर काढावयास निदान सहा महिने दार उघडें राहावें, आणि वारसास मृत्यूच्या दाखल्यावर कृतींची प्रत मिळावी. ह्या मागण्या आमच्या लेखक-प्रकाशकांच्या संस्थांनीं सरकारकडे केल्या पाहिजेत. परिसंवादांत सुस्कारे सोडून त्या पुऱ्या व्हावयाच्या नाहींत. तोंवर संपादकांनीं व प्रकाशकांनीं एवढें तरी आजच करावें : चित्रकाराचें मानधन देतांना मूळ फाईल, आणि तिच्याबरोबर कोणत्याही साधनानें उघडेल अशा नमुन्यांतील एक प्रत मागून घ्यावी, एक जोड कचेरींत ठेवावा, एक चित्रकाराच्या घरीं, आणि अंक छापून झाला म्हणजे त्याच्या दोन प्रती गांवच्या ग्रंथसंग्रहालयास न विसरतां पाठवाव्यात.