मांडीचा पट्टा आणि किशोरांचा गुडघा

खेळताना पंधरा-सोळा वर्षांच्या मुलाचा गुडघा मुरगळतो, आतील एसीएल हा अस्थिबंध तुटतो आणि शस्त्रक्रिया होते. टाके सुकले की घरचे निर्धास्त होतात; परंतु खरी तूट त्यानंतरच दिसू लागते. मांडीचा पुढचा स्नायू काही आठवड्यांत इतका रोडावतो की दोन पायांतील फरक नुसत्या डोळ्यांना कळावा. तो पुन्हा भरून यायचा, तर एकदाच पेलवेल अशा कमाल वजनाच्या साधारण ६० ते ७० टक्के भार उचलावा लागतो. आणि नव्याने बसविलेल्या अस्थिबंधाला व सुजलेल्या सांध्याला तोच भार आरंभी सोसवत नाही.

या पेचातून वाट काढणारी पद्धत जपानमधून आली. १९६६ साली एका बौद्ध विधीत पाय दुमडून दीर्घकाळ बसलेल्या योशिआकी सातो या तरुणाच्या पोटऱ्या बधिर झाल्या. कसून व्यायाम केल्यानंतर येतो तसाच ताठरपणा त्यांत त्याला जाणवला. रक्तप्रवाह आखडल्याचा हा परिणाम असावा, या तर्कावर त्याने स्वतःच्याच शरीरावर वर्षानुवर्षे प्रयोग केले. १९७३ मध्ये स्कीइंग करताना त्याचा घोटा व गुडघा दुखावला, तेव्हा त्या जायबंदी पायावरही त्याने हाच उपाय केला.

आज मांडीच्या वरच्या भागाला रक्तदाब मोजतात तसा, पण रुंद, हवेचा पट्टा बांधतात. प्रवाह पूर्ण थांबविण्यास लागणाऱ्या दाबाच्या ४० ते ८० टक्के इतकाच दाब देतात. रक्त आत थोडे येते, बाहेर जाण्यास अडखळते; प्राणवायू कमी पडतो आणि २० ते ३० टक्के भारातही स्नायू लवकर थकतो. आधी ३० आवर्तने, मग १५-१५ची तीन, मध्ये अर्ध्या मिनिटाची उसंत, असा प्रचलित क्रम आहे.

ब्रिटनमधील २८ रुग्णांच्या २०१९च्या अभ्यासात ३० टक्के भार व पट्टा यांनी ७० टक्के भाराइतकीच ताकद मिळवून दिली, तीही कमी वेदनेत. मात्र २०२० साली अमेरिकेत सरासरी साडेसोळा वर्षांच्या ३४ रुग्णांवर झालेल्या अभ्यासात जड भारालाच पट्ट्याची जोड दिली गेली, तेव्हा अधिक लाभ दिसला नाही. म्हणजे पट्टा हा जड भाराचा बदली गडी, वरकड नफा नव्हे. किशोरांवरील अभ्यास अजून मोजकेच आहेत, हेही पालकांनी ध्यानात ठेवावे.

घरी रबराची पट्टी आवळून हा प्रयोग करणे निव्वळ अविचार होय. रक्ताची गुठळी झालेली असेल किंवा सिकलसेल असेल, तर डॉक्टरांना आधीच सांगावे. उपचारापूर्वी पायाचा दाब यंत्राने मोजणार का, हे फिजिओथेरपिस्टला निःसंकोच विचारावे. आणि आंतरशालेय स्पर्धा जवळ आली म्हणून घाई नको. स्नायू लवकर भरला तरी नवा अस्थिबंध आपल्याच गतीने मुरतो, त्यामुळे मैदानावर परतण्यास किमान नऊ महिने द्यावेत, असाच बहुतेक तज्ज्ञांचा आग्रह असतो.