आजोबांचा चाकू बोलतो!

बालमित्रांनो,

तुमच्या घरी माळ्यावर किंवा जुन्या पेटीत आजोबा-पणजोबांचा घडीचा चाकू पडलेला आहे का? गंजलेला, उघडता न येणारा? भंगारवाल्याला देण्याआधी जरा थांबा. तो स्वतःची गोष्ट सांगतो, बरं का!

पात्याच्या बुडाशी बारीक अक्षरं असतात. भिंगातून पाहा. चांदणी आणि क्रूस दिसला, तर ती इंग्लंडमधल्या शेफील्डच्या जोसेफ रॉजर्स कंपनीची खूण. तिच्या नकलाही पुष्कळ झाल्या, म्हणून नावही वाचा. मुकुटाजवळ 'व्ही. आर.' असेल तर ती राणी व्हिक्टोरियाची अक्षरं. तिची कारकीर्द १८३७ ते १९०१. 'स्टेनलेस' लिहिलंय? मग चाकू १९१३ नंतरचा, कारण हॅरी ब्रेअर्लीने ते पोलाद शेफील्डमध्ये त्याच साली बनवलं. मूठ सांबरशिंगाची असेल तर आणखी गंमत. आपल्या देशातून सांबराची शिंगं शेफील्डला जात आणि चाकू बनून परत येत!

आता दुरुस्ती. हे काम मोठ्यांना जवळ बसवूनच करायचं, आणि पातं त्यांनीच उघडायचं. सांध्यात शिलाई मशीनच्या तेलाचे दोन थेंब सोडा, रात्रभर ठेवा. जोर लावू नका. तांबडा गंज रॉकेलच्या फडक्याने पुसा. काळपट-निळी झाक मात्र राहू द्या. ती लिंबू-कांदा कापून जुन्या पोलादावर चढते, पात्याला खात नाही. हाडाची किंवा लाकडी मूठ पाण्यात बुडवू नका, तडकते. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे, धारवाल्याच्या चाकावर देऊ नका. अक्षरं घासली गेली की चाकू मुका झाला!

आणि पात्यावर नसतं ते आजीला विचारा. आपला पाटोदा १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता. तेव्हा लिहायला बोरू असे, आणि तो तासायच्या चाकूला कलमतराश म्हणत. तुमच्या चाकूने बोरू तासला, की आंबे कापले? कोणी, कुठल्या बाजारातून आणला? आजच वहीत लिहून ठेवा. गंज उद्याही पुसता येईल, पण सांगणारं माणूस कायम नसतं.

पालकहो, मुलांसोबत तुम्हीही बसा. कदाचित तुम्हालाही ही गोष्ट ठाऊक नसेल!

तुमचे,
गुरुजी