वानगी शेतकऱ्याची, जबाबदारी कोणाची?

शेतमालाच्या बाजारात वानगी ही नवी गोष्ट नव्हे. 1928 साली शाही कृषी आयोगाने शेतकऱ्यांच्या ज्या तक्रारी नोंदविल्या, त्यांत वजनकाट्यातील लबाडी आणि धर्मादायाच्या नावाने होणारी कापणी यांच्या जोडीला आणखी एक होती: नमुना म्हणून बराच माल काढून घेतला जातो आणि सौदा झाला नाही तरी त्याचा पैसा मिळत नाही. या लुबाडणुकीला वळसा घालून शेतकऱ्याने थेट ग्राहकाला माल विकावा, म्हणून पुढे पंजाबात अपनी मंडी (1987), आंध्रात रयतू बाजार आणि तामिळनाडूत उळवर संदै (दोन्ही 1999) सुरू झाले. महाराष्ट्रातही शेतकरी आठवडी बाजार भरू लागले. येथे आंब्याची फोड, कलिंगडाची चकती किंवा गुळाचा खडा शेतकरी स्वखुशीने पुढे करतो. ज्याच्याजवळ जाहिरातीला पैसा नाही, त्याची जाहिरात हीच.

मात्र या फोडीबरोबर तो कोणती जबाबदारी पत्करतो, हे त्याला कोणी सांगितलेले नसते. अन्न सुरक्षा व मानके कायदा, 2006 च्या कलम 18 अन्वये शेतकरी व त्याच्या शेतावरील पीक यांना हा कायदा लागू नाही. अखंड आंबा शेतकऱ्याच्या हाती असेपर्यंत कायद्याच्या दृष्टीने तो ‘अन्न’ही ठरत नाही. पण ही सवलत नैसर्गिक रूपातील मालापुरती आहे. आंब्याला सुरी लागली, उसाचा गूळ झाला, की ती सांगणे अवघड होते. फोड फुकट दिली, हा बचावही पुरेसा नाही. कारण अन्न व्यवसायाच्या व्याख्येत ‘नफ्यासाठी असो वा नसो’ असे शब्द आहेत. किरकोळ विक्रेत्याला परवाना लागत नाही, तरी नोंदणी करावीच लागते. शिवाय अन्न असुरक्षित ठरून कोणी दगावल्यास किमान 5 लाख रुपये भरपाईची तरतूद कलम 65 मध्ये आहे. दोन एकरवाल्या शेतकऱ्याला 5 लाख म्हणजे काय, हे निराळे सांगावयास नको.

तेव्हा हे नियमच नकोत, असे काही शेतकरी पुढारी म्हणतात. ही भूमिका चुकीची आहे. आठवडी बाजारात येणारा ग्राहक हाही बहुतांशी कष्टकरीच असतो आणि दूषित फोडीने आजारी पडते ते त्याचेच मूल. कलिंगड व खरबूज जमिनीला टेकून वाढतात. सुरी सालीतून गरात शिरताना सालीवरचे जंतू आत नेते, आणि आम्लता कमी असलेल्या त्या गरात उन्हाच्या वेळी ते झपाट्याने वाढतात. फळावरची घाण किती जीवघेणी ठरू शकते, हे 2011 साली अमेरिकेत दिसले. कोलोरॅडोतील एका शेतावरच्या खरबुजांतून लिस्टेरियाची बाधा पसरली आणि 33 माणसे मेली. दोष होता माल धुऊन भरण्याच्या शेडमधील अस्वच्छ यंत्रसामग्रीत. साथीच्या थोडेच आधी याच शेडला खासगी तपासनिसांनी उत्तम शेरा दिला होता. 2014 साली शिक्षा झाली ती शेत चालविणाऱ्या दोघा भावांना. ते निर्दोष होते असे नव्हे. पण शेरा देणाऱ्यांवर फौजदारी खटला झाला नाही.

आपल्याकडेही नेमके हेच घडू घातले आहे. स्वच्छतेचे नियम पिण्यायोग्य पाणी, झाकलेले अन्न व कचऱ्याचे डबे मागतात. ही मागणी रास्तच आहे. पण पहाटे टेम्पोतून माल आणणारी बाई भर चौकातल्या बाजारात नळ कोठून आणणार? वातानुकूलित दुकानात फोडी मांडणाऱ्या कंपनीजवळ पाणी, शीतकपाट आणि वकील ही तिन्ही असतात. कायदा दोघांनाही स्वच्छता मागतो. स्वच्छतेची साधने मात्र एकाच्याच हाती आहेत. बाजाराची जागा, वेळ आणि गाळा जो ठरवितो, त्या आयोजकाला मात्र फोडीच्या जबाबदारीत वाटा नाही.

उळवर संदैमध्ये शेतकऱ्याकडून गाळ्याचे भाडे घेतले जात नाही आणि तराजू शासन पुरविते. वजनकाट्याची ती जुनी तक्रार शेतकऱ्याला दंड करून नव्हे, तर खरा काटा त्याच्या हाती देऊन मिटविली गेली. तोच न्याय वानगीला लावावयास हवा. बाजार भरविणाऱ्या संस्थेने ओळीच्या टोकाला नळ, सुऱ्या धुण्याची सोय, जाळीची झाकणे आणि फोड टोचून देण्यासाठी काड्या पुरवाव्यात. विक्रेत्यांची नोंदणी बाजारातच करून द्यावी. आणि या सोयी नसतील तेथे कारवाईची पहिली नोटीस आयोजकाला जावी. सोयी असूनही कोणी मळक्या सुरीने फोड कापली, तर त्याला खुशाल दंड करावा.